कर्ल किंवा डब्ल्यूगेट पॅकेजसोबत देताना: टीएलएसची जोडणी आणि रूट सर्टिफिकेटांची यादी

आज्ञावली (धागाकर्ता)

इन्स्टॉलर, अपडेटची स्क्रिप्ट किंवा स्क्रीन नसलेलं छोटं उपकरण, यांपैकी कशालाही नेटवरून फाइल उतरवून घ्यायची असेल तर समोरच्या मशीनवर काय बसवलेलं आहे यावर विसंबता येत नाही. कर्ल (आज्ञेनं फाइल उतरवणारं साधन, डब्ल्यूगेटही तसंच) नसतंच, किंवा असतं ते इतकं जुनं की टीएलएस (एचटीटीपीएसमागची सुरक्षित जोडणीची पद्धत) १.२ येत नाही, किंवा नुसतं बिझीबॉक्समधलं, म्हणजे छोट्या उपकरणांसाठीच्या आटोपशीर आज्ञासंचातलं, डब्ल्यूगेट असतं. मग साधन सोबतच द्यायचं ठरतं. ते एचटीटीपीएससकट नीट कसं द्यायचं याची एका जागी मराठीत नोंद असावी म्हणून हा धागा. चुकलं तिथे दुरुस्त करा, राहिलं ते भरा.

टीप: आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनंच द्यायची.

माझं मत आधीच सांगतो. टीएलएसची लायब्ररी लिंक करणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ती रूट सर्टिफिकेटांची, म्हणजे साधन ज्या संस्थांवर मुळात विश्वास ठेवतं त्यांच्या सर्टिफिकेटांची, यादी: कुठून घ्यायची, कुठे ठेवायची, साधनाला सापडेल कशी आणि वर्षभरानं ती ताजी कोण करणार. बहुतेक बिघाड तिथेच होतात आणि मग कुणीतरी तपासणीच बंद करून टाकतं.

लिनक्ससाठी एकाच फाइलचं, कशावरही न अवलंबणारं कर्ल असं बांधता येतं:

१. अल्पाइन या छोट्या लिनक्स वितरणाचा कंटेनर घ्या. त्यात बिल्ड-बेस, पर्ल, लिनक्स-हेडर्स, पीकेजीकॉन्फ, झेडलिब-डेव्ह आणि झेडलिब-स्टॅटिक ही पॅकेजेस घाला. ओपनएसएसएलच्या (आपली टीएलएसची लायब्ररी) कॉन्फिगरला पर्ल लागतं, ते विसरलं की पहिल्याच पायरीला अडतं.

२. कर्ल आणि ओपनएसएसएल दोन्हींचे सोर्स उतरवल्यावर सोबतची सही जीपीजीनं तपासा. सुरक्षित जोडणीचं साधन बांधताना ही पायरी गाळणं म्हणजे पायाच कच्चा ठेवणं.

३. ओपनएसएसएल:
./कॉन्फिगर लिनक्स-एक्स८६_६४ नो-शेअर्ड नो-मॉड्यूल नो-टेस्ट्स --प्रीफिक्स=/ऑप्ट/साधन --लिबडिर=लिब --ओपनएसएसएलडिर=/ईटीसी/एसएसएल
मग मेक आणि मेक इन्स्टॉल_एसडब्ल्यू. शेवटच्या आज्ञेत 'एसडब्ल्यू' असलं की मदतीची पानं तयार करण्यात वेळ जात नाही. --लिबडिर=लिब मुद्दाम दिलं आहे. ते नसेल तर ३.x मालिका ६४ बिट लिनक्सवर लायब्ररी 'लिब६४' मध्ये ठेवते आणि कर्लला ती सापडत नाही.

४. कर्ल:
पीकेजी_कॉन्फिग="पीकेजी-कॉन्फिग --स्टॅटिक" एलडीफ्लॅग्ज="-स्टॅटिक" ./कॉन्फिगर --डिसेबल-शेअर्ड --एनेबल-स्टॅटिक --विथ-ओपनएसएसएल=/ऑप्ट/साधन --विदाउट-लिबपीएसएल --डिसेबल-एलडॅप
मग मेक कर्ल_एलडीफ्लॅग्ज=-ऑल-स्टॅटिक, आणि शेवटी स्ट्रिप.

दोन ठिकाणी हमखास अडखळायला होतं. ७.७७.० पासून कर्लचं कॉन्फिगर टीएलएसची लायब्ररी स्वतः निवडत नाही. कुठली ते सांगा, नाहीतर --विदाउट-एसएसएल असं स्पष्ट लिहा, एवढं सांगून थांबतं. हा बदल फार चांगला झाला, कारण पूर्वी हेडर न सापडल्यावर एचटीटीपीएस नसलेलं कर्ल गुपचूप तयार व्हायचं आणि ते ग्राहकाच्या मशीनवर गेल्यावर कळायचं. दुसरं, ८.६.० पासून लिबपीएसएल नसेल तर कॉन्फिगर थांबतं. ही लायब्ररी कुकी कुठल्या डोमेनला लावू द्यायची ते ठरवते. कुकी वापरत नसाल तर --विदाउट-लिबपीएसएल चालेल. वापरत असाल तर ती लायब्ररीही सोबत घ्या.

---

उंबरठा

उत्तम सुरुवात. अल्पाइनच का, हे लिहायचं राहिलं. ते जोडतो.

अल्पाइनमध्ये मसल ही सी लायब्ररी आहे. जीलिबसीवर (बहुतेक वितरणांतली सी लायब्ररी) -स्टॅटिक दिलं तर बांधणी पूर्ण होते, पण लिंकर इशारा देतो की 'गेटअॅड्रइन्फो'ला चालतेवेळी त्याच आवृत्तीच्या जीलिबसीच्या शेअर्ड लायब्ररी लागतील. होस्टचं नाव शोधण्याचं काम जीलिबसी बाहेरच्या मॉड्यूलकडून करून घेते, ते स्टॅटिक फाइलमध्ये सामावतच नाही. इशाऱ्याकडे काणाडोळा केला तर बांधलेल्या मशीनवर सगळं छान चालतं आणि दुसऱ्या मशीनवर कर्लचा कोड ६ (होस्टचं नाव सापडलं नाही) येतो किंवा प्रोग्रॅम कोसळतो. लोक मग डीएनएसवर संशय घेत बसतात.

मसलचीही एक मर्यादा होती. डीएनएसचं उत्तर मोठं असलं की टीसीपीवरून पुन्हा विचारायचं असतं, ते मसलमध्ये १.२.४ पासून, म्हणजे मे २०२३ पासून येतं. त्यामुळे जुन्या अल्पाइनची प्रतिमा वापरू नका.

स्टॅटिक नको असेल आणि जीलिबसीवरच बांधायचं असेल तर आपण पाठिंबा देणार आहोत त्यातल्या सर्वांत जुन्या वितरणावर बांधायचं. जीलिबसी जुन्या फाइली नव्यावर चालवते, नव्या जुन्यावर नाही. 'जीलिबसी_२.३४ सापडत नाही' ही तक्रार त्यातलीच. त्या आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली, म्हणून त्यानंतरच्या मशीनवर बांधलेलं जवळपास काहीही जुन्यावर चालत नाही. ऑब्जडंप -टी (मोठं टी) चालवून कुठल्या आवृत्तीची चिन्हं मागितली आहेत ते फाइल बाहेर पाठवण्याआधी पाहून घ्या.

---

रातकिडा

शेअर्ड लायब्ररी सोबत देणाऱ्यांसाठी. समजा फोल्डरची रचना बिन/कर्ल आणि लिब/ मध्ये लिबकर्ल, लिबएसएसएल, लिबक्रिप्टो अशी आहे.

एलडी_लायब्ररी_पाथ लावणारी छोटी शेल स्क्रिप्ट करून त्यातून कर्ल चालवणं हा मार्ग टाळा. ते चल पुढे चालू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला वारशानं मिळतं. तुमच्या प्रोग्रॅमनं ब्राउझर उघडला किंवा सिस्टिमचं गिट चालवलं की तेही तुमचीच लिबकर्ल उचलतं आणि 'लिबकर्ल.एसओ.४: आवृत्तीची माहिती उपलब्ध नाही' असे इशारे येऊ लागतात, कधी थेट बंद पडतं.

योग्य जागा म्हणजे फाइलीच्या आत आरपाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची तो पत्ता, लिहिणं: $ओरिजिन/../लिब ($ओरिजिन म्हणजे ती फाइल आहे तो फोल्डर). इथला घोटाळा जवळून पाहण्यासारखा आहे. एलडीफ्लॅग्जमध्ये एकेरी अवतरणात $ओरिजिन लिहिलं तरी ते शेलपासून वाचतं, मेकपासून वाचत नाही. मेक डॉलरनंतरचं एकच अक्षर चलाचं नाव समजतो, ते रिकामं असतं म्हणून गाळतो, आणि रीडएल्फ -डी चालवल्यावर फाइलीत 'रिजिन/../लिब' लिहिलेलं दिसतं. दोन डॉलर दिले तर मेक सांभाळतो, पण कॉन्फिगरच्या चाचण्यांमध्ये शेल त्या दोन डॉलरांचा प्रोसेस क्रमांक करून टाकतो. म्हणून बांधताना काहीच न देता बांधणी झाल्यावर पॅचएल्फ या आरपाथ बदलणाऱ्या साधनाच्या --सेट-आरपाथनं लिहावं. कटकट संपते.

आणखी एक. पॅचएल्फ डीफॉल्टनं 'रनपाथ' लिहितो, आणि रनपाथ फक्त त्या फाइलीच्या थेट गरजांपुरता चालतो. कर्लच्या रनपाथमुळे लिबकर्ल सापडेल, पण लिबकर्लला हवी असलेली लिबएसएसएल सापडणार नाही, किंवा सिस्टिममधली दुसरीच सापडेल. लिबकर्ल आणि लिबएसएसएललाही $ओरिजिन लावा. सगळं झाल्यावर एलडीडीमध्ये प्रत्येक ओळ तुमच्याच फोल्डरकडे बोट दाखवते का ते बघा.

मॅकवर हेच काम @लोडर_पाथ आणि इन्स्टॉल_नेम_टूल करतं. तिथे फाइलीत बदल केला की सही मोडते, आणि एआरएम प्रोसेसरवर सही नसलेली फाइल सिस्टिम सुरूच होऊ देत नाही. बदलानंतर कोडसाइन --फोर्स -एस - चालवायलाच हवं. बाहेर वाटायची असेल तर अर्थात खरी सही.

---

नवशिका_वाचक

धागा वाचनखूण करून ठेवला. एक शंका. वरच्या पद्धतीनं बांधलेलं कर्ल एका वितरणावर व्यवस्थित चालतं. दुसऱ्यावर कोड ७७ येतो आणि 'फाइलमधून विश्वासाचे आधार जोडता आले नाहीत' अशा अर्थाचा संदेश. सर्व्हर तोच, फाइल तीच. सर्टिफिकेट खराब म्हणावं तर पहिल्या मशीनवर चालतंय.

---

कंदील

@नवशिका_वाचक, सर्टिफिकेटाचा दोष नाही, पत्त्याचा आहे. ६० आणि ७७ यांत गल्लत करू नका. ६० म्हणजे यादी वाचली, पण सर्व्हरची साखळी तिच्यातल्या कुठल्याच रूटपर्यंत पोचली नाही, मुदत संपली किंवा नाव जुळलं नाही. ७७ म्हणजे यादीच उघडता आली नाही.

कॉन्फिगर चालताना कर्ल त्या मशीनवर यादी कुठे आहे ते शोधतं आणि तो पत्ता फाइलीत कोरून ठेवतं. प्रत्येक वितरणाची जागा वेगळी:

डेबियन, उबुंटू: /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी
रेड हॅट, फेडोरा: /ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स/सीए-बंडल.सीआरटी
सुसे: /ईटीसी/एसएसएल/सीए-बंडल.पेम
अल्पाइन: /ईटीसी/एसएसएल/सर्ट.पेम

एकाच्या पत्त्यानं दुसऱ्याच्या घरी गेलं की ७७. नेमकं काय उघडायचा प्रयत्न होतोय ते एसट्रेस -ई ट्रेस=फाइल लावून दिसतं. नुसतं कर्ल -व्ही दिलं तरी 'सीएफाइल:' अशी ओळ छापली जाते. (हे लहान व्ही. मोठं व्ही आवृत्ती दाखवतं.)

उपाय तीन. पहिला, स्वतःची यादी सोबत देऊन प्रत्येक वेळी --सीएसर्ट नं पत्ता द्यायचा, किंवा कर्ल_सीए_बंडल हे चल फक्त त्या एका आज्ञेपुरतं लावायचं. दुसरा, सुरू होतानाच वरचे चार पत्ते एकामागोमाग तपासायचे, पहिला सापडेल तो वापरायचा आणि एकही नसेल तरच आपली यादी. तिसरा, ८.१०.० पासून उपलब्ध असलेला --विथ-सीए-एम्बेड. यात यादी प्रोग्रॅमच्या पोटातच जाते. --डंप-सीए-एम्बेड दिल्यावर ती बाहेर छापून पाहता येते.

मी दुसरा उपाय निवडेन. मशीनच्या प्रशासकानं एखादं रूट काढून टाकलं असेल किंवा कार्यालयातल्या प्रॉक्सीचं स्वतःचं रूट टाकलं असेल तर तो निर्णय त्याचा आहे, आपल्या साधनानं त्याला वळसा घालू नये. पोटातली यादी ही रिकाम्या कंटेनरसारख्या जागी उपयोगी, जिथे /ईटीसी/एसएसएल मुळातच नसतं.

---

आज्ञावली

कंदील यांच्याशी सहमत, फक्त उपकरणांचा अपवाद करतो. तिथे प्रशासक नसतोच, यादी कोण सांभाळणार ते आपणच.

---

पिंपळपान

यादीबद्दल मलाही लिहायचं आहे, कारण ती 'एकदा टाकली की झालं' अशी फाइल समजली जाते.

मूळ यादी मोझिलाची. कर्लच्या प्रकल्पात एमके-सीए-बंडल नावाची स्क्रिप्ट आहे, ती मोझिलाच्या सर्टडेटा.टेक्स्टमधून पेम फाइल बनवते. तयार फाइल कर्लच्या संकेतस्थळावर सीएसर्ट.पेम या नावानं मिळते. आकार दोनशे केबीच्या थोडा पुढे, आत दीडशेच्या आसपास रूट. एवढ्याशा फाइलीसाठी हात आखडता घेण्याचं कारण नाही. 'आपला सर्व्हर ज्या संस्थेचं सर्टिफिकेट वापरतो तेवढंच रूट ठेवू' हा विचार आकर्षक वाटतो. पण सर्व्हर सांभाळणारे उद्या संस्था बदलतात, मधे सीडीएन (फाइली जगभर वाटणारी सेवा) येतो, फाइल तिसऱ्याच डोमेनवर रीडायरेक्ट होते आणि सगळी बसवलेली साधनं एका दिवसात मुकी होतात.

रूट जुनं झाल्यावर काय होतं ते दोनदा मोठ्या प्रमाणावर दिसलं. ३० मे २०२० ला ॲडट्रस्टचं रूट संपलं. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ संपलं, ज्याच्या आधारावर लेट्स एन्क्रिप्टची (फुकट सर्टिफिकेटं देणारी संस्था) जुनी साखळी उभी होती. दुसऱ्या प्रसंगातला बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवं रूट, म्हणजे आयएसआरजी रूट एक्स१, यादीत असूनही ओपनएसएसएल १.०.२ ची साधनं अडली. कारण ती आवृत्ती सर्व्हरनं पाठवलेली साखळी शेवटपर्यंत चढत जायची, टोकाला मुदत संपलेलं डीएसटी सापडलं की तिथेच नापास करायची. मधल्याच पायरीवर दुसरं वैध रूट आहे हे पाहायचीच नाही. १.१.० पासून आधी आपल्या यादीत शोधायचं हा डीफॉल्ट झाला. जुन्यावर उपाय म्हणजे यादीतून संपलेलं रूट काढून टाकणं. म्हणजे यादीत भर घालून नव्हे, वजाबाकी करून काम झालं. 'यादी ताजी करा' एवढंच लिहून ठेवणारी मदतपानं अशा वेळी उपयोगी पडत नाहीत.

आणि घड्याळ! बॅटरीवरचं घड्याळ नसलेली उपकरणं वीज आल्यावर १९७० मध्ये किंवा फर्मवेअर बनलं त्या दिवशी जागी होतात. मग प्रत्येक सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही'. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) आधी, कर्ल नंतर, हा क्रम बूटच्या स्क्रिप्टमध्ये पक्का करा.

---

चौथी_ओळ

मग सर्व्हरचं सर्टिफिकेटच साधनात ठेवून तेवढ्यावरच विश्वास ठेवला तर? यादीची भानगडच राहत नाही.

---

पिंपळपान

@चौथी_ओळ, नका करू. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. दर दीड महिन्याला साधनाची नवी आवृत्ती काढणार का?

पक्कं बांधायचंच असेल तर सर्टिफिकेट नव्हे, किल्ली बांधा. --पिन्डपबकी पर्यायाला सार्वजनिक किल्लीचा शा२५६ ठसा देता येतो, अर्धविरामानं एकाहून जास्त. दुसरी राखीव किल्ली आधीच तयार करून तिचाही ठसा द्या आणि ती किल्ली सर्व्हरपासून दूर ठेवा. सर्टिफिकेट नवं करताना किल्ली तीच ठेवायची हे सर्व्हरवाल्यांना लेखी कळवा, कारण बरीच स्वयंचलित साधनं दर वेळी नवी किल्ली बनवतात. ठसा जुळला नाही तर कोड ९०.

याहून मजबूत म्हणजे उतरवलेल्या फाइलीवरच स्वतंत्र सही. जोडणी फुटली तरी फाइल बदललेली कळते. दोन्ही ठेवावं, एकाच्या बदल्यात दुसरं नव्हे.

---

दगडीपाटी

विंडोजबद्दल.

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, सिस्टिम३२ मध्ये कर्ल.ईएक्सई येतं. ते एसचॅनलवर बांधलेलं असतं, म्हणजे विंडोजचीच टीएलएस आणि विंडोजचाच सर्टिफिकेटांचा साठा. तुमची किमान अट तेवढी असेल तर सोबत काही देऊच नका. स्क्रिप्टमध्ये मात्र 'कर्ल.ईएक्सई' असं पूर्ण नाव लिहा. पॉवरशेल ५.१ मध्ये नुसतं 'कर्ल' हे इन्व्होक-वेबरिक्वेस्टचं टोपणनाव आहे आणि त्याला कर्लचे पर्याय कळत नाहीत.

सिस्टिममधली फाइल आपल्या नव्या फाइलीनं बदलायची नाही. ती विंडोजच्या मालकीची आहे, तिला हात लावला की पुढचं विंडोज अपडेट अडतं. आपली फाइल आपल्या फोल्डरात.

ओपनएसएसएलवर बांधलेलं द्यायचं असेल तर यादी कर्ल-सीए-बंडल.सीआरटी या नावानं ईएक्सईशेजारी ठेवा. कर्ल ती आपोआप शोधतं. ही सोय फक्त साधनाला आहे, लिबकर्ल वापरणाऱ्या तुमच्या प्रोग्रॅमला नाही, तिथे पत्ता कोडमधून द्यावा लागतो. कंपनीच्या प्रॉक्सीमागच्या मशीनसाठी ८.२.० पासून --सीए-नेटिव्ह आहे. लायब्ररी ओपनएसएसएलची, विश्वास विंडोजच्या साठ्याचा.

एसचॅनलच्या दोन अडचणी. टीएलएस १.३ फक्त विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ पासून. आणि रद्द झालेल्या सर्टिफिकेटांची चौकशी ते स्वतः करतं, चौकशीचा पत्ता फायरवॉलनं अडवला तर जोडणीच नाकारतं (कोड ३५, आत ०एक्स८००९२०१२ सारखा आकडा). त्यावर --एसएसएल-नो-रिव्होक सगळीकडे सुचवलेलं दिसेल. त्याऐवजी --एसएसएल-रिव्होक-बेस्ट-एफर्ट द्या: चौकशी जमली तर करतं, पत्ता लागला नाही तर पुढे जातं, पण रद्द झालेलं कळलं तर नाकारतं.

आता खरा सापळा. ओपनएसएसएल बांधताना दिलेला ओपनएसएसएलडिर फाइलीत कोरला जातो आणि सुरू होताना तिथली ओपनएसएसएल.सीएनएफ वाचली जाते. युनिक्सच्या पद्धतीचा पत्ता तसाच राहिला तर विंडोजवर त्याचा अर्थ सी:\यूएसआर\लोकल\एसएसएल असा होतो. तो फोल्डर सहसा नसतो आणि साधा वापरकर्ताही तो तयार करू शकतो. त्यात कॉन्फिग ठेवून स्वतःची डीएलएल लोड करायला लावायची, आणि तुमचा इन्स्टॉलर प्रशासकाच्या हक्कानं चालत असेल तर मशीन त्याचं. २०१९ मध्ये ओपनएसएसएल आणि कर्लच्या विंडोज बांधणी, दोन्हींवर यासाठी सुरक्षा सूचना निघाल्या. ओपनएसएसएलडिर प्रोग्रॅम फाइल्सच्या आतला ठेवा, आणि कर्ल बांधताना --डिसेबल-ओपनएसएसएल-ऑटो-लोड-कॉन्फिग.

---

रातकिडा

दगडीपाटी, शेवटचा परिच्छेद लिनक्सवाल्यांनीही वाचावा. /टीएमपी/बिल्ड सारखा प्रीफिक्स ठेवून बांधलेल्या फाइली बाहेर फिरतात. /टीएमपी मध्ये कुणीही फोल्डर बनवू शकतं, धोका तोच.

---

उंबरठा

डब्ल्यूगेट वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. कॉन्फिगरला --विथ-एसएसएल=ओपनएसएसएल किंवा जीएनयूटीएलएस. काहीच न सांगता सोडलं तर जीएनयूटीएलएस गृहीत धरलं जातं, आणि ती आपल्यासोबत नेटल व इतर लायब्ररी घेऊन येते. पेटीत त्याही लागतील. यादीचा पत्ता --सीए-सर्टिफिकेटनं किंवा डब्ल्यूगेटआरसीमधल्या सीए_सर्टिफिकेट ओळीनं. सर्टिफिकेट नापास झालं तर एक्झिट कोड ५. १.१४ पेक्षा जुनं कधीही देऊ नका, त्यात एसएनआय, म्हणजे जोडतानाच संकेतस्थळाचं नाव सांगण्याची सोय, नाही. एका आयपीवर अनेक संकेतस्थळं असली की सर्व्हर भलत्याच नावाचं सर्टिफिकेट पुढे करतो आणि दोष सर्व्हरला लागतो.

बिझीबॉक्सचं डब्ल्यूगेट एचटीटीपीएस उघडतं म्हणून त्यावर निभावून नेऊ नका. त्याच्या स्वतःच्या टीएलएसमध्ये सर्टिफिकेटाची तपासणीच नाही. ते तसं प्रामाणिकपणे छापतंही, 'टीएलएस सर्टिफिकेट तपासणी केलेली नाही' या अर्थाची ओळ येते. पण स्क्रिप्ट आपोआप चालत असते, ती ओळ कोण वाचणार?

---

कंदील

ज्यासाठी हा खटाटोप त्याबद्दल स्पष्ट लिहितो. कर्लचा -के आणि डब्ल्यूगेटचा --नो-चेक-सर्टिफिकेट हे पर्याय पाठवायच्या पॅकेजमध्ये असता कामा नयेत, 'तात्पुरते' म्हणूनही नाही. तपासणीविना टीएलएस म्हणजे कुणाशी बोलतोय हे न विचारता दार लावून बोलणं. मधे बसलेला माणूस स्वतःचं सर्टिफिकेट देतो, सगळं कूटबद्ध होतं आणि सगळं त्याच्याकडे जातं. फाइल चालवायची असेल तर तो तुमच्या ग्राहकाच्या मशीनवर त्याला हवं ते चालवतो.

नेहमीची आज्ञा अशी ठेवा:
कर्ल -एफएसएसएल --प्रोटो '=एचटीटीपीएस' --टीएलएसव्ही१.२ --रीट्राय ३ -ओ फाइल पत्ता

--प्रोटो मुळे रीडायरेक्ट साध्या एचटीटीपीवर घसरत नाही. --टीएलएसव्ही१.२ म्हणजे किमान १.२, फक्त १.२ नव्हे. -एफ नसेल तर ४०४ चं पान तुमच्या फाइलीच्या नावानं जतन होतं आणि एक्झिट कोड शून्य.

---

चौथी_ओळ

बांधून झाल्यावर काय काय तपासावं? कर्ल -व्ही (मोठं) मध्ये एचटीटीपीएस दिसलं की पुरे का?

---

रातकिडा

पुरे नाही. त्यावरून लायब्ररी जोडली गेली एवढंच कळतं. यादी सापडते का आणि तपासणी खरंच होते का, हे कळत नाही.

फाइल एकदम रिकाम्या कंटेनरमध्ये टाका: फक्त कर्ल, यादी आणि /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ. तिथे एन्व्ह -आय लावून, म्हणजे एकही चल न देता, तुमचा खरा पत्ता उतरवून बघा. बांधणीच्या मशीनवरचं एसएसएल_सर्ट_फाइल चल मदतीला येत असेल तर इथे उघडं पडतं.

मग नापास व्हायलाच हव्यात अशा चाचण्या. बॅडएसएसएल.कॉम वर एक्सपायर्ड, राँग.होस्ट आणि सेल्फ-साइन्ड अशी उपडोमेनं याचसाठी आहेत. तिन्हींवर कोड ६० यायला हवा. एकावरही शून्य आला तर बांधणी बाहेर जाऊ देऊ नका. यशाची चाचणी सगळे करतात. अपयशाची चाचणी बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच बसवा, म्हणजे उद्या कुणी कॉन्फिगमध्ये 'इनसिक्युअर' लिहून गेलं तर बिल्ड लाल होईल. कर्ल घरच्या फोल्डरातली .कर्लआरसी वाचतं हेही ध्यानात ठेवा. ती टाळायला पहिलाच पर्याय -क्यू हवा, मधे कुठे दिला तर चालत नाही.

---

पिंपळपान

परवाने आणि पुढची देखभाल राहिली.

कर्लचा परवाना एमआयटीच्या धर्तीचा, सोबत मजकूर दिला की झालं. ओपनएसएसएल ३.० पासून अपाची २.०. त्याआधीच्या आवृत्त्यांच्या परवान्यात जाहिरातीचं कलम होतं आणि ते जीपीएलशी जुळत नसे, म्हणून डब्ल्यूगेटला खास सवलतीची ओळ द्यावी लागली. डब्ल्यूगेट स्वतः जीपीएल ३, म्हणजे बायनरी वाटली तर त्या बायनरीचा नेमका सोर्सही द्यायला लागतो. मोझिलाची यादी एमपीएल २.०. हे सगळं 'परवाने' नावाच्या एका फोल्डरात घाला.

आता जबाबदारी. लायब्ररी सोबत दिली की तिच्यातली भोकं आपली. वितरणानं आपली ओपनएसएसएल दुरुस्त केली तरी आपल्या पोटातली तशीच राहते. हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या गाजलेल्या दोषाच्या वेळी, एप्रिल २०१४ मध्ये, सिस्टिम अपडेट केलेल्या मशीनवरही स्टॅटिक जोडलेली जुनी १.०.१ शिल्लक राहू शकत होती, ती या कारणानं. कर्लचं स्वतःचं उदाहरण म्हणजे सॉक्स५ मधला मेमरीचा दोष: ७.६९.० ते ८.३.० बाधित, ११ ऑक्टोबर २०२३ ला ८.४.० मध्ये दुरुस्त.

म्हणून आवृत्ती निवडतानाच मुदत बघा. ओपनएसएसएल १.१.१ चा पाठिंबा ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. ३.० चा ७ सप्टेंबर २०२६ पर्यंतचा. आज नव्यानं बांधणाऱ्यानं ३.५ घ्यावी, ती दीर्घ पाठिंब्याची आहे, एप्रिल २०३० पर्यंत. न लागणारे प्रोटोकॉल बंद करा: टेलनेट, टीएफटीपी, गोफर, डिक्ट, आयमॅप, पॉप३, एसएमटीपी, आरटीएसपी, एमक्यूटीटी. प्रत्येकाला --डिसेबल- आहे. जे बांधलंच नाही त्यातल्या दोषासाठी घाईनं नवी आवृत्ती काढावी लागत नाही.

---

नवशिका_वाचक

कंदील यांनी सांगितल्याप्रमाणे पत्ते तपासून घेतले, ७७ गेला. धन्यवाद. शेवटचा प्रश्न: सोबत दिलेली यादी साधनानं स्वतःच ताजी करावी का? त्याच कर्लनं?

---

आज्ञावली

@नवशिका_वाचक, करता येतं, रोज नको. आज्ञा:
कर्ल --ईटॅग-कम्पेअर ईटॅग.टेक्स्ट --ईटॅग-सेव्ह ईटॅग.टेक्स्ट -ओ नवी.पेम, आणि पुढे सीएसर्ट.पेमचा पूर्ण पत्ता.
फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर ३०४ सांगतो, काही उतरत नाही. नवी आली तर आधी वेगळ्या नावानं ठेवा, तिच्यावर --सीएसर्टनं आपल्याच सर्व्हरशी एकदा जोडणी करून बघा, जमली तरच एमव्हीनं जुनीच्या जागी आणा. थेट जुन्या फाइलीवर लिहिताना वीज गेली तर अर्धी यादी उरते, आणि तिला दुरुस्त करायला लागणारी जोडणीही तिच्याच आधारावर असते.

याच कारणानं तीन वर्षं खोक्यात पडून राहिलेलं उपकरण स्वतः सावरेलच असं धरू नका. त्याची यादी जुनी, आणि नवी आणायला जुनीच वापरायची. अशांसाठी यादी आणि तिची सही पेन ड्राइव्हवरून घेता येईल अशी वाट फर्मवेअरमध्ये ठेवा. सही तपासायची किल्ली फर्मवेअरमध्येच असते, तिला मुदत नसते.

---

कंदील

आणि पेन ड्राइव्हवरच्या यादीची तारीख आतल्या यादीपेक्षा जुनी असेल तर घ्यायची नाही, हेही तिथेच तपासा. सही बरोबर असलेली जुनी यादी म्हणजे काढून टाकलेलं रूट परत आणण्याचा रस्ता आहे. तारीख सहीच्या आत हवी, फाइलीच्या नावात नको.